बाराव्यावरून पहिल्याची किंमत

२०२४ च्या हंगामात कॅन्सस सिटी चीफ्स या संघाने साखळीतल्या १७ सामन्यांपैकी १५ जिंकले. आधीची सलग दोन सुपर बोल विजेतेपदं त्यांच्याच नावावर होती आणि या खेपेलाही त्यांनी अंतिम सामना गाठला. संघाचा क्वार्टरबॅक होता पॅट्रिक महोम्स. सध्याचा सर्वोत्तम क्वार्टरबॅक कोण, या प्रश्नाला अमेरिकेत वर्षानुवर्षं हेच नाव उत्तर म्हणून मिळत आलं आहे. फँटसी फुटबॉलच्या गुणतक्त्यात मात्र तो त्या वर्षी अकराव्या-बाराव्या जागेच्या आसपास राहिला. त्याच्या बराच वर होता मिनेसोटा व्हायकिंग्जचा सॅम डार्नल्ड. न्यूयॉर्क जेट्सने त्याला २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलं होतं, पुढे तो एका संघातून दुसऱ्या संघात फिरत राहिला आणि मिनेसोटाने एका वर्षाच्या करारावर घेतला. नवखा जे. जे. मॅकार्थी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर पडला नसता, तर वर्षभर संघाच्या क्वार्टरबॅकची जागा डार्नल्डकडे राहिली असती का, हे सांगणं कठीण आहे. त्याने ३५ टचडाउन पास, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू पोचवणारे पास टाकले, महोम्सने २६.

ही उलटापालट समजली की क्वार्टरबॅकची क्रमवारी कशी लावायची, यातलं निम्मं समजलं.

आधी खेळाची मांडणी पाहू. अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळपास प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. चेंडू त्याच्याकडे येतो. मग तो पुढे धावणाऱ्या सहकाऱ्याकडे फेकायचा, शेजारच्या रनिंग बॅकच्या हातात द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचं, हे काही क्षणांत ठरतं. फँटसी फुटबॉल खेळणारे दहा-बारा जण हंगामाआधी एकत्र बसून खऱ्या खेळाडूंची निवड करतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. त्यानंतर दर आठवड्याला त्या खेळाडूंनी मैदानावर जे केलं, त्याचे गुण आपल्या काल्पनिक संघाच्या खात्यात जमा होतात. सर्वाधिक प्रचलित नियमांनुसार पासने मिळवलेल्या २५ यार्डांना १ गुण, टचडाउन पासला ४, प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेल्या पासला, म्हणजे इंटरसेप्शनला, उणे २ (काही लीगमध्ये उणे १), धावून मिळवलेल्या १० यार्डांना १ आणि धावून केलेल्या टचडाउनला ६ गुण असतात.

या हिशेबाने महोम्सचं २०२४ चं वर्ष मोजू. त्याने ३,९२८ यार्ड, २६ टचडाउन आणि ११ इंटरसेप्शन अशी कामगिरी केली, शिवाय धावून ३०७ यार्ड आणि २ टचडाउन मिळवले. बेरीज होते सुमारे २८२. बाल्टिमोर रेव्हन्सच्या लमार जॅक्सनने त्याच वर्षी ४,१७२ यार्ड, ४१ टचडाउन, अवघी ४ इंटरसेप्शन आणि धावून ९१५ यार्ड व ४ टचडाउन केले. त्याचे झाले सुमारे ४३८. (मैदानावर हातून सुटलेल्या चेंडूंचे उणे गुण या प्रकरणात कुठेच धरलेले नाहीत.) चीफ्सचा बचाव भक्कम होता. त्यांचे कितीतरी सामने कमी गुणांचे आणि शेवटच्या काही मिनिटांत निकाली निघणारे होते. अशा सामन्यात योग्य वेळी टाकलेला आठ यार्डांचा एक पास विजय मिळवून देतो, पण फँटसीच्या वहीत त्याची नोंद पाव-अर्ध्या गुणाची. सिनसिनाटी बेंगल्सच्या जो बरोची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्याच्या संघाचा बचाव इतका गळका होता की त्याला सामन्यामागून सामन्यात फेकतच राहावं लागलं. ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाउन या दोन्ही आकड्यांत तो लीगमध्ये पहिला आला. संघ ९ विजय आणि ८ पराभवांवर थांबला, बाद फेरीतही पोचला नाही. फँटसीत बरो ज्याच्याकडे होता, त्याला या पराभवांची झळ लागण्याचं कारण नव्हतं.

म्हणून यादी करायला बसताना 'चांगला क्वार्टरबॅक कोण' हा प्रश्न बाजूला ठेवावा लागतो. हे जड जातं, कारण खेळावर प्रेम असलेल्या माणसाच्या मनात आवडीनिवडी पक्क्या असतात. पण मोजायचं आहे ते किती वेळा फेकणार, किती लांब फेकणार, किती धावणार आणि गोलरेषेजवळ चेंडू कुणाच्या हाती राहणार.

या छंदाचा जन्म क्वार्टरबॅकच्याच नावाशी जोडलेला आहे. १९६२ मध्ये ओकलंड रेडर्स संघ पूर्वेकडच्या दौऱ्यावर असताना संघाचा एक भागीदार बिल विंकेनबाख, संघाच्या प्रसिद्धीचं काम पाहणारा बिल टनेल आणि ओकलंड ट्रिब्यूनचा वार्ताहर स्कॉटी स्टर्लिंग यांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून या खेळाचे नियम लिहिले. पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये विंकेनबाखच्या घरी पहिला ड्राफ्ट झाला. त्यात सर्वांत आधी उचललं गेलेलं नाव होतं ह्यूस्टन ऑइलर्सचा जॉर्ज ब्लांडा. लक्षात घ्या, आदल्याच हंगामात या गृहस्थाने ४२ इंटरसेप्शन दिली होती. एका हंगामातला हा विक्रम आजतागायत मोडलेला नाही. तरीही तो पहिला गेला, कारण तेव्हाचे नियम टचडाउनभोवती फिरत होते आणि ब्लांडा पास टाकण्याबरोबर संघासाठी चेंडू लाथाडून गुणही मिळवायचा. एकाच नावात गुणांचे दोन झरे. नियम वाचून खेळाडू निवडायचा, ही रीत पहिल्या दिवसापासूनची आहे.

नियमातला एक आकडा हलला तरी यादी हलते. बरो आणि बफेलो बिल्सचा जॉश अॅलन यांचं २०२४ घ्या. टचडाउन पासला ४ गुण असतील तर दोघंही ३८० च्या आसपास, जवळजवळ बरोबरीत. ६ गुण धरले की बरोला ८६ जादा मिळतात आणि २८ टचडाउन पास टाकणाऱ्या अॅलनला ५६. बरो एकदम तीसेक गुणांनी पुढे. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरव झाला तो अॅलनचा. ज्या लीगमध्ये आपण खेळतो तिचा नियमांचा कागद न पाहता वापरलेली कुठलीही तयार यादी फसवी ठरू शकते, आणि दरवर्षी असंख्य लोक नेमकं हेच करतात.

आपल्याकडे फँटसी म्हटलं की ड्रीम इलेव्हन आठवतं. २००८ मध्ये हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी मुंबईत सुरू केलेल्या या कंपनीने हा प्रकार भारतात घरोघरी नेला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा तिथल्या पैशांच्या स्पर्धा थांबल्या. पण त्या क्रिकेटच्या सवयीने अमेरिकन ड्राफ्टला बसलं तर गोंधळ होतो. ड्रीम इलेव्हनवर एकाच सामन्यासाठी लाखो लोक विराट कोहलीला आपल्या संघात घेऊ शकतात. अमेरिकन लीगमध्ये लमार जॅक्सन बारा जणांपैकी एकाचाच होतो, आणि तोही पूर्ण हंगामासाठी. माझ्या हातून गेलेला खेळाडू समोरच्याच्या संघात माझ्याविरुद्ध उभा राहतो. क्रमवारीला खरी धार येते ती या टंचाईमुळे.

आणि क्वार्टरबॅकच्या बाबतीत टंचाई फारशी नाही, हेच या सगळ्या विषयाचं मर्म आहे. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत, म्हणजे संघांच्या सुट्टीचे आठवडे सोडले तर दर आठवड्याला बत्तीस क्वार्टरबॅक मैदानावर उतरतात. बारा जणांच्या नेहमीच्या लीगमध्ये प्रत्येकाने खेळवायचा असतो एक. म्हणजे हवेत बारा आणि आहेत बत्तीस. रनिंग बॅक मात्र प्रत्येकाला किमान दोन लागतात, पास झेलणारे वाइड रिसीव्हर दोन किंवा तीन, शिवाय एखादी मोकळी जागा त्यांच्यातूनच भरायची. तिथे खरा उपसा असतो. नदीकाठच्या गावात घागरभर पाण्याला भाव येत नाही, मग पाणी कितीही गोड असो.

फुटबॉलगाइज या प्रकाशनाच्या जो ब्रायंट याने हा विचार हिशेबात बसवला. त्याचं सूत्र असं: खेळाडूची किंमत त्याच्या एकूण गुणांत नसते, त्याच जागेवर शेवटी जो सहज मिळेल त्याच्यापेक्षा तो किती जास्त देतो, त्या फरकात असते. बारा जणांच्या लीगमध्ये पहिल्या क्वार्टरबॅकची किंमत ठरवायला बारावा क्वार्टरबॅक किती गुण करेल, हे आधी पाहावं लागतं. ४०० गुणांचा क्वार्टरबॅक आणि २५० गुणांचा रनिंग बॅक समोरासमोर ठेवले तर पहिला मोठा दिसतो. पण बारावा क्वार्टरबॅक ३०० वर असेल आणि चोविसावा रनिंग बॅक १३० वर, तर फरक १०० आणि १२० असा पडतो. आधी उचलायचा तो रनिंग बॅक.

हे सूत्र लोकांच्या गळी उतरायला वेळ लागला. २०११ च्या हंगामात पासिंगचा पूर आला होता: ड्रू ब्रीस ५,४७६ यार्ड, टॉम ब्रेडी ५,२३५, मॅथ्यू स्टॅफर्ड ५,०३८, आणि अॅरन रॉजर्सचे ४५ टचडाउन पास. ते पाहून पुढच्या वर्षी लोकांनी पहिल्याच फेरीत क्वार्टरबॅक उचलायला सुरुवात केली. त्याच वर्षी जे. जे. झकरायसन याचं 'द लेट राउंड क्वार्टरबॅक' हे पुस्तक आलं. उशिरा घ्या, तोवर बाकीच्या जागा भरून काढा, असा त्याचा आग्रह होता. त्या २०१२ च्या हंगामाने त्याची बाजू उचलून धरली. वॉशिंग्टनचा नवखा रॉबर्ट ग्रिफिन उशिराच्या फेऱ्यांत मिळत होता. त्याने ३,२०० यार्ड आणि २० टचडाउन पास तर टाकलेच, वर धावून ८१५ यार्ड आणि ७ टचडाउन मिळवले.

पुढची सात-आठ वर्षं हा सल्ला जवळजवळ शास्त्रवचन झाला होता. २०१८ मध्ये महोम्स पहिल्यांदाच पूर्ण हंगाम खेळणार होता, म्हणून तो बराच खाली मिळत होता; त्याने ५,०९७ यार्ड आणि ५० टचडाउन केले. २०१९ मध्ये तीच जागा जॅक्सनने घेतली. पण त्याच्या त्या वर्षाने या सल्ल्याला तडाही दिला.

कारण पायांचं गणित. नियमात धावलेला एक यार्ड फेकलेल्या अडीच यार्डांइतका आहे आणि धावून केलेलं एक टचडाउन दीड टचडाउन पासइतकं. जॅक्सनने २०१९ मध्ये धावून १,२०६ यार्ड मिळवले. फँटसीच्या हिशेबात ते ३,०१५ पासिंग यार्ड झाले, आणि त्याचे प्रत्यक्ष पासिंग यार्ड होते ३,१२७. म्हणजे एकाच नावाखाली दोन क्वार्टरबॅकचे यार्ड जमा होत होते. आधी कॅम न्यूटनने हे दाखवून दिलं होतं. २०११ मधल्या त्याच्या पहिल्याच हंगामात १७ इंटरसेप्शन झाली, पण धावून ७०६ यार्ड आणि १४ टचडाउन आले. त्याच्या एकूण ३६६ गुणांपैकी सुमारे १५५ पायांनी कमावलेले होते.

धावणाऱ्या क्वार्टरबॅकचा दुसरा गुण मला जास्त मोलाचा वाटतो, तो म्हणजे तळाची हमी. नुसत्या फेकणाऱ्याचा दिवस वाईट गेला की तो ८-१० गुणांवर अडकतो. धावणारा मात्र हात न चाललेल्या दिवशीही ५० यार्ड पळतो, एखादं टचडाउन घुसवतो आणि आठवडा वाचवतो. जॉश अॅलनचं २०१८ चं नवखं वर्ष आठवा. अचूकता ५२.८ टक्के. मोठमोठे जाणकार त्याला मोडीत काढत होते. पण १२ सामन्यांत त्याने धावून ६३१ यार्ड आणि ८ टचडाउन केले, आणि जे गुणांकडे पाहत होते त्यांना तो तेव्हाच उपयोगी वाटला. २०२० मध्ये स्टेफॉन डिग्ज संघात आला, अचूकता ६९ टक्क्यांवर गेली आणि मग सगळ्यांना तो दिसला.

फिलाडेल्फिया ईगल्सच्या जेलन हर्ट्सची गोष्ट गोलरेषेची आहे. एक यार्ड उरला की हर्ट्स चेंडू घेऊन मध्येच घुसतो आणि मागचे सहकारी त्याला ढकलत पुढे नेतात. 'टश पुश' नावाच्या या चालीमुळे इतर संघांत रनिंग बॅकला मिळणारी टचडाउन इथे क्वार्टरबॅकला मिळतात: २०२२ मध्ये १३, २०२३ मध्ये १५, २०२४ मध्ये १४. मे २०२५ मध्ये या चालीवर बंदी घालण्याचा ठराव संघमालकांसमोर आला. २४ मतं हवी होती, २२ पडली. त्या दोन मतांवर फँटसीतली हर्ट्सची जागा टांगलेली होती, असं म्हटलं तरी चालेल.

आता प्रत्यक्ष अंदाज कसा बांधायचा. आकड्यांत घालू. एखादा क्वार्टरबॅक सामन्यामागे ३४ पास टाकेल असं धरलं, तर १७ सामन्यांत ५७८. प्रत्येक पासामागे ७.२ यार्ड धरले की सुमारे ४,१६० यार्ड. शंभर पासांत ४.६ टचडाउन या दराने २७ टचडाउन, आणि १३ इंटरसेप्शन. तो सामन्यामागे चार वेळा धावला, दर वेळी साडेचार यार्ड मिळाले, वर्षभरात ३ टचडाउन झाले. सगळं मिळून २९७ गुण, म्हणजे साधारण दहावा-अकरावा क्वार्टरबॅक. याच माणसाला सामन्यामागे आठ वेळा, दर वेळी पाच यार्ड पळवलं आणि ७ टचडाउन दिली, की तो ३५८ वर जातो. हात तेच, पास तेवढेच, जागा पहिल्या पाच-सहांत.

या गणितात सर्वाधिक दगा देणारा आकडा म्हणजे टचडाउनचा दर. लीगची सरासरी शंभर पासांमागे साडेचारच्या आसपास असते. महोम्सचा २०१८ चा दर होता ८.६; पुढच्या वर्षी तो ५.४ वर आला आणि टचडाउन ५० वरून २६ झाली. जॅक्सनचा ९ वरून ६.९ वर आला. सर्वांत बोलकं उदाहरण ईगल्सच्या निक फोल्सचं. २०१३ मध्ये ३१७ पासांत २७ टचडाउन आणि फक्त २ इंटरसेप्शन. पुढच्या वर्षी जवळपास तेवढ्याच पासांत १३ टचडाउन आणि १० इंटरसेप्शन. यार्ड आणि पासांची संख्या वर्षानुवर्षं बरीच स्थिर राहते. टचडाउन मात्र चार-दोन यार्डांच्या आणि एखाद्या सुटलेल्या झेलाच्या फरकाने वर-खाली होतात. म्हणून ज्याचं गेलं वर्ष टचडाउनांनी फुगलेलं होतं, त्याला यादीत दोन-तीन जागा खाली ठेवावं. महोम्स, रॉजर्स, जॅक्सन यांच्यासारखे थोडे लोक सरासरीच्या वर टिकून राहतात हे खरं. पण तेही स्वतःच्या शिखरावरून खाली येतातच.

नवख्यांच्या बाबतीत उलट सावधगिरी हवी. वॉशिंग्टनच्या जेडन डॅनियल्सने २०२४ मध्ये ८९१ यार्ड धावून नवख्या क्वार्टरबॅकचा विक्रम केला. त्याच उन्हाळ्यात इंडियानापोलिस कोल्ट्सचा अँथनी रिचर्डसन अनेक याद्यांत पहिल्या सहा-सातांत होता. आदल्या वर्षी तो चारच सामने खेळला होता, पण त्यातली धाव लोकांच्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. २०२४ मध्ये त्याचे निम्म्याहून अधिक पास वाया गेले, ८ टचडाउन पासांविरुद्ध १२ इंटरसेप्शन झाली आणि मधल्या काळात त्याला बाकावर बसावं लागलं. पाय चालण्यासाठी आधी मैदानावर टिकावं लागतं, आणि टिकण्यासाठी पास लागावे लागतात. चार सामन्यांच्या पुराव्यावर पाचव्या-सहाव्या फेरीची निवड खर्च करणं मला कधीच पटलेलं नाही.

दुखापतीपुढे सगळे हिशेब थांबतात. ११ सप्टेंबर २०२३ रोजी रॉजर्स जेट्सकडून पहिल्यांदा उतरला आणि चौथ्याच चालीत त्याच्या घोट्यामागचा स्नायुबंध तुटला. २०२५ मध्ये बरोच्या पायाचा अंगठा दुसऱ्याच आठवड्यात दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि तो नोव्हेंबरच्या अखेरीस परतला. वारा-पावसाचंही तसंच. डिसेंबर २०२१ मध्ये बफेलोच्या सोसाट्याच्या वाऱ्यात न्यू इंग्लंडच्या मॅक जोन्सने संपूर्ण सामन्यात तीन पास टाकले आणि त्याचा संघ १४-१० असा जिंकला. ऑगस्टमधल्या यादीत यातलं काही धरता येत नाही.

एवढी अनिश्चितता असताना सातवा कोण आणि आठवा कोण यावर वाद घालण्यात अर्थ उरत नाही. म्हणून जाणते खेळाडू क्रमांकांऐवजी पायऱ्या आखतात. हात आणि पाय दोन्ही चालणारे तीन-चार जण पहिल्या पायरीवर. त्याखाली बरोसारखे भरपूर फेकणारे. मग २८० ते ३२० च्या पट्ट्यातला मोठा घोळका. आणि तळाशी ज्यांचं संघातलं स्थानच पक्कं नाही असे. एका पायरीवरचे सगळे सारखेच मानायचे. ड्राफ्टमध्ये एखाद्या पायरीवर चौघे शिल्लक असतील तर थांबायचं आणि दुसऱ्या जागा भरायच्या. एकच उरला असेल तर उचलायचा. २०२४ मध्ये पहिला आणि अकरावा-बारावा यांच्यात दीडशे गुणांचं, म्हणजे आठवड्याला नऊ गुणांचं अंतर पडलं. एवढं अंतर असेल तर तिसऱ्या-चौथ्या फेरीत वरच्या पायरीवरचा क्वार्टरबॅक घेणं योग्यच. मात्र तो निसटला, तर पाचव्या-सहाव्या फेरीत घाईघाईने घोळक्यातला एखादा घेणं ही सर्वांत महागडी चूक. तोच माणूस, किंवा त्याच्याच तोडीचा, दहाव्या फेरीतही मिळतो. बेकर मेफिल्ड २०२४ मध्ये असाच खाली मिळाला आणि त्याने ४,५०० यार्ड आणि ४१ टचडाउन दिले.

आणि हे सगळं एका क्वार्टरबॅकच्या लीगपुरतं. अलीकडे सुपरफ्लेक्स नावाचा प्रकार पसरला आहे, ज्यात दुसरा क्वार्टरबॅकही खेळवता येतो. सहसा सगळेच खेळवतात, कारण त्याच्याइतके गुण दुसरं कुणी देत नाही. बारा जणांना चोवीस क्वार्टरबॅक लागतात, शिवाय सुट्टीच्या आठवड्यांसाठी प्रत्येकाला तिसरा हवा. बत्तीस जण पुरेनासे होतात. मोजपट्टी बाराव्यावरून चोविसाव्यावर सरकते, आणि तिथे दर आठवड्याला जागा टिकेल की जाईल या चिंतेतले लोक असतात. त्या लीगमध्ये २०२४ चा, २८२ गुणांचा, पण सोळा सामने खेळलेला महोम्स पहिल्या-दुसऱ्या फेरीतच जातो, आणि त्याला तिथे घेणारा माणूस बरोबर असतो.